दोन्ही हातांची खूण

संग्रहालयातून काढलेल्या कोन मोजायच्या पितळी थिओडोलाइटच्या दुर्बिणीत धरणाच्या भिंतीवर लाल-पांढरी काठी धरून उभा असलेला श्रीरंग नेहमीसारखा उलटा दिसत होता. सौरवादळात उपग्रह आणि फोन कायमचे गेल्यापासून दोघं नवरा-बायको भिंत अशीच मोजत. आज ती वीतभर सरकलेली निघाली. यंत्रच चुकलेलं असू दे, असं पुटपुटत टेकडीवरच्या यामिनीने दुर्बीण पालथी करून कोन पुन्हा वाचला. चूक यंत्राची असती, तर कोन बदलला असता. तो तोच आला.

"श्रीरंग, पळ तिथून," दोन्ही हात हलवत ती किंचाळली. सांडव्याच्या आवाजात हाक विरली. तिने दुर्बिणीला डोळा लावला. श्रीरंग हसत होता. मोजणीत दोन्ही हात हलवण्याचा अर्थ एकच होता: जागा बरोबर आहे, तिथेच थांब. त्याने काठी आणखी घट्ट धरली.