चार्जिंगला लावलेला डबा

दिवा अजून लालच होता.

विलासरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच. साडेचारला नीलिमाची गाडी यशवंतपूर स्टेशनात लागणार, आणि एचएसआर लेआउटमधून तिथं पोचायचं तर दीड तास नुसत्या ट्रॅफिकलाच द्यायचा. आत्ताच निघायला हवं होतं. पण टेबलावरचा तो काळा डबा त्यांना काही उठू देत नव्हता.

डब्यात लिथियमचे तीन सेल होते, संध्याकाळच्या नाटकातल्या मशालीचे. मशाल विलासरावांनीच बनवलेली. टोकाला तीन झगझगीत एलईडी, ते तापू नयेत म्हणून मागे ॲल्युमिनियमचा जाड पत्रा, वरून केशरी जिलेटिनचा कागद. पेटली की शेवटच्या रांगेतला माणूसही डोळे मिचकावायचा. मराठी मंडळातल्या हौशी नटांना अभिनय येवो न येवो, मशालीला टाळी ठरलेली.

नियमही त्यांचाच. चार्जिंगला लावलेली लिथियमची बॅटरी एकटी सोडायची नाही. समोर माणूस बसलाच पाहिजे. पूर्वी एकदा दारावरची बेल वाजली म्हणून ते दोन मिनिटं उठले होते. तेवढ्यात सेल फुगला, पेटला आणि जेवणाचं टेबल काळंठिक्कर पडलं. नीलिमानं कढीपत्त्याची कुंडी त्यावर उपडी केली म्हणून घर वाचलं. तेव्हापासून त्यांनी हा नियम इतक्यांदा ऐकवला होता की सून आसावरी तो झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल.

आज तोच नियम त्यांच्या मानगुटीवर बसला होता.

"आसावरी, तू बस ना जरा इथं. मी यशवंतपूरला जाऊन येतो."

कानातला हेडफोन काढत आसावरी तिच्या खोलीच्या दारात आली. "आज काय आहे तिकडे, बाबा?"

"काय आहे म्हणजे? नीलिमा येतेय की पुण्याहून!"

आसावरीनं नजर डब्याकडे वळवली. सासू येणार म्हटल्यावर सुनांचं हे असंच, विलासराव मनात म्हणाले.

"माझी मीटिंग चालू आहे, बाबा. दिवा हिरवा झाला की जा तुम्ही."

"मग चार्जर बंदच करतो."

"आणि मशाल? सहाला प्रयोग आहे. ऐन प्रवेशात विझली तर सगळे तुम्हालाच बोलतील."

हे मात्र खरं होतं. ते पुन्हा खुर्चीत बसले. आसावरीनं त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि ती आत गेली.

घराचं दार सताड उघडं होतं. कुणी अडवलं नव्हतं, कुणी कडी घातली नव्हती. तरी दाव्याला बांधलेल्या बैलासारखे ते खुर्चीला खिळले होते. त्यांना स्वतःचाच राग आला. नीलिमाला कन्नड येत नाही. दोन बॅगा घेऊन ती फलाटावर उभी राहील आणि कुणाला काही विचारणार नाही, नुसती गर्दीत त्यांना शोधत राहील.

त्यांनी इंटरकॉम उचलला. "मंजुनाथ, गेटवर एक ऑटो थांबवून ठेव."

"सरी, सर," वॉचमननं कन्नडमध्ये होकार दिला. मग त्यानं विचारलं, "बॅटरी फुल्ल आयता, सर?"

"नाही अजून. स्वल्प वेळ आहे."

"तो फिर बैठिए, सर. आरामसे."

म्हणजे बॅटरीची बातमी गेटपर्यंत पोचली होती. या सोसायटीत काही म्हणून लपत नाही.

तीन वाजले. दिवा लालच. चुळबुळ करत विलासरावांनी डब्यावर तळहात ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. डबा गार होता. सकाळपासून चार्जिंगवर असलेला डबा कोमट तरी लागायला हवा. एक तर सेल मेलाय, नाहीतर आतली वायर सुटलीय. तसं असेल तर दिवा जन्मात हिरवा होणार नाही, आणि ते आपले इथंच बसून राहणार.

उघडून बघायचं. बिघडलेला सेल वाळूच्या बादलीत टाकायचा आणि निघायचं. मशालीचं मंडळ बघून घेईल. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना मोकळं वाटलं.

त्यांनी चार्जर बंद केला. लाल दिवा विझला. खणातून स्क्रूड्रायव्हर काढून ते डब्याशी भिडले. स्क्रूंच्या खाचा पार झिजल्या होत्या. आपल्या हत्यारांना घरात कोण हात लावतं, असं पुटपुटत त्यांनी चौथा स्क्रू काढला आणि झाकण उचललं.

आत सेल नव्हते. एक लाल एलईडी, एक रेझिस्टर आणि दोन वायरी. हिरवा दिवा तर बसवलेलाच नव्हता. तळाशी घडी घातलेला कागद होता. त्यांनी तो उलगडला. अक्षर ओळखीचं होतं.

"विलास, यात बॅटरी नाही, कधीच नव्हती. डॉक्टरांनी विस्मरणाचा रिपोर्ट वाचून दाखवला, त्याच आठवड्यात हा डबा तू स्वतः बनवलास. दाराला कुलूप लावलं तर तू भांडशील, पण चार्जिंग सोडून उठणार नाहीस. यशवंतपूरला जाऊ नकोस. नीलिमाला जाऊन तीन वर्षं झाली. वाचून झालं की खाली सही कर आणि स्क्रू परत बसव. – विलास."

त्याखाली एकाखाली एक सतरा सह्या होत्या. पहिली ठसठशीत, शेवटची वेडीवाकडी, आणि सगळ्या त्यांच्याच.