सुरक्षित कॉल

ऐन थंडीत वैजयंता अंगावरच्या साडीनिशी नळाखाली बसलेली होती.

"आबा, मी अशी कशी हो भिजले?" बाहेर येऊन तिने सासऱ्यांना विचारलं. "यांच्या छावणीत फोन लावला होता ना मी? काय म्हणाले असतील?"

"असतील म्हणाले काहीतरी," आबा म्हणाले. "आधी केस पूस."

सरहद्दीवरचे कॉल आता पक्के सुरक्षित झाले होते. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत सगळं बोलणं, त्या दहा मिनिटांसकट, बोलणाऱ्या दोघांच्याही डोक्यातून पुसलं जाई. शत्रूला चोरायला काही उरतच नसे.

सोमवारी त्या दहा मिनिटांत तिने हंबरडा फोडला होता, "आबा, उदय गेले हो!" मग मयताची बातमी कळल्यावर घेतात तसं तिने डोक्यावरून पाणी घेतलं, आणि न्हाणीतून बाहेर आली ती हसतच. आबांना पुन्हा सांगवलं नाही. मंगळवारीही तसंच झालं, आजही.

"उद्या परत लावते," ती म्हणाली. "यांच्या सुट्टीचं विचारायचंय."

दुसऱ्या दिवशी तिने फोन हातात घ्यायच्या आधीच आबांनी न्हाणीत गरम पाण्याची बादली भरून ठेवली.