पाठीमागची मूठ

भिंतीवरचं चित्र धुऊन निघालं आणि आत्याबाईंची आयुष्यभराची कमाई एका सकाळी धोक्यात आली.

चित्र जुनं. होडीतून निघालेला नावाडी, काठावर त्याची बायको, तिचा एक हात पाठीमागे. तो हात काजळीत पार बुडालेला. या चित्रावरूनच त्यांच्या घराण्यात नाच चालत आला होता. आत्याबाई ती बायको व्हायच्या आणि अशा रडायच्या, की पुढच्या रांगेतले भले भले पुरुष नाक ओढत बसायचे.

आता काजळी गेली. पाठीमागच्या हाताची मूठ आवळलेली होती, आणि मुठीत होडीचा दोर.

"अगं बाई! ही त्याला जाऊच देत नाहीये!" भाची टाळ्या पिटत म्हणाली. संध्याकाळी याच भिंतीपुढे तिला ती बायको नाचायची होती, पहिल्यांदाच. "आत्या, रडणं पुरे झालं. आज असंच करते मी."

"म्हणजे मी जन्मभर खोटं नाचले?"

भाची ओशाळली. शिडीवरून चित्र साफ करणारी बाई हळूच म्हणाली, "दोर मूळचाच आहे, आत्याबाई. मागाहून कुणी रंगवलेला नाही."

दालनाच्या दुसऱ्या टोकाला भाचीचा नवरा उभा होता. नाचात नावाडी तोच. "माझं काय, मला निघायचंच आहे. कुणी रडो, नाहीतर दोर धरो."

"जावईबापू, तुम्ही गप्प बसा."

आत्याबाई चित्राजवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "नाचताना पाठीमागची मूठ जरा सैल पडली की माझी गुरू हातावर छडी मारायची. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या गुरूनं मारली, म्हणून ती मारायची. आणि मी खुळी समजत होते, हुंदका आवरायला मूठ आवळायची."

त्यांनी चपला काढल्या.

"बघ गं, नीट बघ. जावईबापू, निघा."

तो वल्ही मारत मागे मागे सरकू लागला. आत्याबाईंचे ओठ थरथरले, डोळे भरले. सगळं नेहमीसारखंच. भाचीचा चेहरा पडला. तेवढ्यात आत्याबाईंची पाठीमागची मूठ एकदाच, जराशी मागे ओढली गेली.

नावाड्याचे हात थांबले. एक पाऊल पुढे आलं, मग दुसरं. आपण का चालतोय हे त्याचं त्यालाच कळेना.

"रडणं खरंच आहे," आत्याबाई भाचीला म्हणाल्या. "ते राहू दे. पण त्याला वाटू दे, की तेवढंच आहे."

जावई आता अगदी समोर येऊन ठेपला होता. कसनुसा हसत म्हणाला, "आत्या, सोडा की आता. संध्याकाळी पुन्हा निघायचंय मला."

आत्याबाईंनी डोळे पुसले. दुसऱ्या हातानं.