भर पावसात झाडाला पाणी

पाऊस चांगला लागला, बाजरी कमरेला आली, पण शेतातलं ते काटेरी झाड पानं गाळून बसलं. झिंदर शहरातून याच पावसाळ्यात सून होऊन आलेली राकिया रोज चोरून त्याच्या बुंध्याशी घागर रिकामी करायची. सासूनं नव्या सुनेशी बोलायचं नाही ही इथली रीतच, पण राकियाला त्या गप्प बसण्यातही बोल ऐकू यायचे.

एका सकाळी आजेसासूनं तिला गाठलंच. "काय गं सवती, भर पावसात झाडाला पाणी?"

नातवाच्या बायकोला सवत म्हणायची ही थट्टा जुनीच. राकिया हसली नाही. "मी आले आणि हे वठलं, आजी. माझाच पायगुण."

म्हातारीनं फांदी वाकवली. "पांढरे काटे, तेही जोडीजोडीनं. आता सालीला नख मार बघू."

आत हिरवं होतं.

"हा गाओ आहे, बाई. पावसात झोपतो आणि उन्हाळ्यात रान उजाड झालं की हिरवा होतो. तेव्हा शेळ्या ह्याच्यावरच निभावतात."

राकिया तिथंच चिखलात बसली आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

"चल आता घरी. मला तुझ्या सासूनं पाठवलंय. म्हणाली, पोरीला सांगा, मी नवी होते तेव्हा सबंध पावसाळा ह्याला पाणी घातलंय."