सहावा खर्डा आणि शेजारणीचे पडदे

नवव्या प्रकरणात शिलाई मशीन पुन्हा धडधडायला लागलं आणि मास्तरांनी मुकाट्याने लाल पेन्सिल उचलली.

मास्तर बायकोला आपली कादंबरी वाचून दाखवत होते. समुद्राचं वर्णन चाललं होतं. मास्तरांच्या मते ते कादंबरीतलं सर्वांत सुंदर पान होतं. पण पाठीमागे बायकोचा पाय पायट्यावर असा काही सुटला होता, की खिडकीची तावदानं हलत होती. मास्तरांनी त्या पानावर आडवी फुली मारली आणि पुढचं वाचायला घेतलं. मशीन मंदावलं. दीपगृहाचा रखवालदार जिन्यावरून हाका मारू लागला, तसं ते थांबलंच.

“गप्प का झालात? वाचा की,” बायको म्हणाली.

“वाचतो, वाचतो,” मास्तर खुशीत म्हणाले.

त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला होता. वर्ग कंटाळला की बाकांखाली पाय हलायला लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. बायकोचंही तसंच होतं. रटाळ मजकूर आला की मशीन धावायचं, मजकूर रंगला की थांबायचं. बिचारीला पत्ताही नव्हता, की आपला पाय नवऱ्याच्या कादंबरीची काटछाट करतोय. मास्तरांनीही ताकास तूर लागू दिली नव्हती.

सरळ विचारायची सोयच नव्हती. पहिला खर्डा ऐकून ती एवढंच म्हणाली होती, “समुद्र जरा जास्त झालाय का हो?” त्यावर मास्तर दोन दिवस रुसून बसले. जेवले तेसुद्धा भिंतीकडे तोंड करून. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. “मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही आपले वाचा, मी आपली शिवत बसते.”

मग मास्तर तिच्याकडे पाठ करून वाचू लागले. चेहऱ्याकडे पाहिलं की माणूस भिडेला बळी पडतो, आवाज मात्र खरं बोलतो, असं त्यांचं मत. दुसऱ्या खर्ड्यात गलबत फुटण्याच्या प्रसंगाला मशीन एकदम थांबलं आणि तिच्या तोंडून “आई गं!” निघालं. मास्तर धन्य झाले. संध्याकाळी तिच्या बोटाला पट्टी दिसली तेव्हा “सुरी जपून वापरत जा,” एवढं ते म्हणाले, आणि गलबताचं प्रकरण जसंच्या तसं ठेवलं.

खर्ड्यामागून खर्डे झाले. प्रकाशकांनी हस्तलिखित दोनदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा त्यांनी स्पष्टच सांगितलं, “मास्तर, आणखी एकदाच वाचेन. त्यानंतर आग्रह करू नका.” मास्तरांना घास गोड लागेना. निवृत्तीनंतर त्यांनी एवढी एकच गोष्ट मनाशी धरली होती. ती हातची गेली तर उरलेल्या दिवसांचं करायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं.

एकदा ते वाचत असतानाच शेजारीणबाई दारात आल्या. “वहिनी, माझे पडदे या जन्मात मिळतील ना? खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवून बसलेय मी.”

“धीर धरा हो,” बायको म्हणाली. “घाईचं काम नाही ते.”

“अहो, दिवसभर तर मशीन ऐकू येतं तुमचं! शिवता तरी काय?”

बायको नुसती हसली. वयाप्रमाणे हिचा हात मंदावलाय, असं मास्तरांच्या मनात आलं. त्यांना तिची कणव आली.

सहाव्या खर्ड्याला शेवट तेवढा अडला होता. पाचही खर्ड्यांत मास्तरांनी रखवालदाराला बुडवला होता, आणि दुसऱ्या खर्ड्यापासून दर वेळी मशीन शर्यतीला उतरल्यासारखं धावलं होतं. अखेर त्यांनी हट्ट सोडला. रखवालदार वादळातून घरी आला. बायको त्याला चिखलाच्या बुटांवरून रागावली, मग खाली बसून तिनेच त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

मशीन थांबलं. शेवटच्या ओळीपर्यंत सुरूच झालं नाही. मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

“रडतेस की काय?” मास्तरांनी मान न वळवता विचारलं.

“छे हो. सर्दी झालीय.”

मास्तरांनी लाल पेन्सिल खिशात ठेवून दिली.

महिनाभराने प्रकाशकांचा फोन आला. “मास्तर, छापतोय! कादंबरीवर कुणाची नजर फिरलीय? अशी नेमकी कात्री चालवणारा माणूस मलाही हवाय.”

“आमची एक पद्धत आहे,” मास्तर म्हणाले आणि फोन ठेवून खोलीभर नाचले. बायकोने तोंडाला पदर लावला. तिचे डोळे भरून आले होते. “चला, घोडं गंगेत न्हालं एकदाचं!”

रविवारी लेक आली. मास्तरांना गुपित पोटात ठेवणं जड झालं होतं. बायको चहा टाकायला आत गेल्याबरोबर त्यांनी लेकीला सगळं सांगून टाकलं.

“पण तिला बोलू नकोस. कळलं तर उगाच विचार करून पाय हलवेल, आणि माझी पद्धत बुडेल.”

“बाबा, तुम्ही म्हणजे कमाल आहात!” लेक पोट धरून हसली. हसता हसता तिच्या कुर्त्याची बाही खुर्चीच्या खिळ्यात अडकली आणि टर्रकन फाटली. “थांबा, दोन टाके घालून येते.”

ती बाहीतून हात काढून मशीनवर बसली. पायटा हलला, मशीन धडधडलं, कापड अलगद पलीकडे सरकलं. फाटलेलं होतं तसंच. तिने पुन्हा चालवून पाहिलं, मग वाकून मशीनच्या तोंडाशी बघितलं.

“आई,” ती स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाली, “अगं, मशीनला सुईच नाहीये.”

“हळू बोल की जरा,” आई चहा गाळता गाळता म्हणाली. “गलबत फुटलं त्या दिवशीच काढून ठेवलीय. डब्यात आहे, तुझं काम झालं की परत तिथेच ठेव. उद्यापासून बाबा दुसरी कादंबरी वाचायला घेतायत.”