उजवीकडे वळणारं मैदान

आमच्या जर्मनीतल्या वेस्टफालिया प्रांतातल्या गोल्फच्या मैदानावर सरळ मारणाऱ्याची धडगत नाही. गवताचे अठराच्या अठरा पट्टे ओकच्या झाडांमधून निघतात आणि अर्ध्या वाटेत उजवीकडे वळतात. दंतवैद्य ब्रोकहाउस एकदा इतका सरळ मारून बसला, की चेंडू पलीकडच्या गावात पाद्रीबुवांच्या सूपमध्ये पडला. त्यांनी तो बटाट्याचा गोळा समजून अर्धा खाल्ला, हे मी शपथेवर सांगतो.

शेवटी क्लबच्या अध्यक्षा हागेडोर्नबाईंनी मैदान आखणाऱ्या म्हाताऱ्या वेसलिंगला बोलावून घेतलं आणि त्याचाच नकाशा त्याच्यापुढे पसरला.

"वेसलिंगसाहेब, हे आखताना मान आखडली होती का तुमची? आम्ही सगळे पट्टे सरळ करायचं ठरवलंय. तुमची हरकत नाही ना?"

वेसलिंगनं नकाशावरच्या एका वळणावर बोट ठेवलं. "माझ्या बायकोनं, रोसविथानं, कसाही मारला तरी तिचा चेंडू उजवीकडेच वळायचा. जन्मभर झुडपांत चेंडू शोधत फिरली बिचारी. लोक हसायचे. मला म्हणाली, एक मैदान असं कर, जिथं माझा चेंडू हरवणार नाही."

बाई ओशाळल्या. "असं होय. मग आधी त्यांनाच विचारू या की. इथं खेळून कसं वाटलं त्यांना?"

"नव्या पेरलेल्या गवतावर खेळायला दोन उन्हाळे थांबावं लागतं, बाई," नकाशाची घडी घालत तो म्हणाला. "तिच्याकडे एकच होता. करा तुम्ही सरळ."