फ्रीझरमधले गोळे

रेवा झोपली की मी ओट्स-चॉकलेट चिप कुकीजचं पीठ मळते आणि गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवते. कुणी आलंच, तर चहा होईपर्यंत गरम कुकीज भाजून होतील. पण नवरा बोटीवर, गाव नवं. अजून कुणी आलेलं नाही.

परवा समोरच्या देवस्थळी काकूंचा डबा परत करायचा होता. रिकामा कसा द्यायचा? कुकीज भाजायला घेणार, तोच रेवा उठून रडायला लागली. मग गोठलेले गोळे तसेच डब्यात भरले. कसे भाजायचे ते दारातच सांगणार होते, पण काकू फोनवर होत्या. त्यांनी हसून डबा घेतला आणि दार लावलं.

काल दुपारी बेल वाजली. दारात काकू.

"अगं, लाडवांत चॉकलेट घातलंस ते ठीक, पण भाजायला नको का नीट? कच्चट लागतात गं! हे म्हणाले, पोर लहान आहे तिचं, जाऊ दे. मी म्हटलं, सांगतेच तिला. आईनं शिकवले नाहीत वाटतं लाडू?"

शिकवलेत. माहेरी माझ्या बेसनाच्या लाडवांचे डबे शेजारीपाजारी जायचे. पण ते लाडू नव्हतेच असं सांगितलं असतं, तर आम्ही दोघी हसलो असतो आणि काकू दारातूनच परत गेल्या असत्या.

"नाहीच जमत मला," मी म्हटलं. "आत येऊन दाखवता?"

"चल, कढई काढ," म्हणत काकूंनी चपला काढल्या.